संक्रांतीला तिळगूळ खाताना दात कसे सांभाळायचे: अनुभवातून शिकलेलं, एकेक पायरी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांत होऊन तिसरा दिवस, मी हळदीकुंकवाच्या पाचव्या घरी बसले होते, हातात तिळगुळाचा लाडू, बाहेरून तुपाने छान चकचकीत पण आतून दगड, आणि डाव्या बाजूच्या खालच्या दाढेने फोडायला गेले तर कट्ट असा आवाज आला. मला वाटलं लाडू फुटला. दाढ तडकली होती. त्या दाढेत पंधराएक वर्षांपूर्वी भरलेली मोठी चांदी होती, म्हणजे ती आधीच नाजूक होती, पण हे मला तेव्हा कुठे माहीत. पुढचे १२ दिवस लवंग, मीठपाणी आणि दुखण्याच्या गोळ्या यावर काढले आणि शेवटी रूट कॅनाल आणि कॅप.

त्या सगळ्यात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. ज्यांच्या तोंडात यंदा पहिल्यांदाच कॅप, तारा किंवा कवळी आहे आणि ज्यांच्या घरी पहिलंच बोरन्हाण आहे त्यांना याचा जास्त उपयोग होईल. तिळगूळ बंद करा असं मी सांगणार नाही, मीही बंद केलेला नाही. फक्त कधी खायचा, किती वेळा खायचा आणि किती कडक खायचा या तीन गोष्टी बदलल्या, तेवढ्यावर तीन संक्रांती नीट पार पडल्यात.

१. डिसेंबरमधेच एकदा दात दाखवून घ्या

दुखायला लागल्यावर जाऊ असं आपण सगळेच म्हणतो. पण कीड दुखायला लागते तेव्हा ती बऱ्याचदा आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते, आणि मग साध्या फिलिंगवर भागत नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेलात तर काही निघालंच तरी सणाआधी काम उरकतं. डॉक्टरांना मुद्दाम विचारा, "माझी कुठली दाढ अशी आहे की जिच्यावर कडक चावू नये?" मोठं जुनं फिलिंग असलेली, रूट कॅनाल होऊन कॅप न बसवलेली, आणि तात्पुरतं सिमेंट भरलेली, या तीन प्रकारच्या दाढा कडक खाण्याने फुटतात. कुठली ते आधी माहीत असलं की माणूस आपोआप दुसऱ्या बाजूने चावतो.

सोबत काय न्यायचं:

- जुने एक्स-रे आणि आधीच्या उपचाराचे कागद
- चालू गोळ्यांची यादी, नाहीतर सरळ गोळ्यांच्या पट्ट्याच न्या. रक्त पातळ करायची गोळी, शुगरची, बीपीची, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतात ती, हे सगळं दातांच्या डॉक्टरांना कळायला हवं
- कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर तिचं नाव
- सरकारी रुग्णालयात जात असाल तर आधार कार्ड आणि जुना केसपेपर

दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ते ठरवणं गोळी देणाऱ्या डॉक्टरांचं काम आहे. आणि इंजेक्शन द्यायचंय म्हणून उपाशीपोटी पण जाऊ नका, दाढेपुरती जागा बधिर करायची असेल तर नीट खाऊन जायचं असतं, माझ्यासमोर एक काकू उपाशी आल्या होत्या आणि खुर्चीवरच त्यांना घेरी आली.

२. घरात काय असावं

फ्लोराइडवाली टूथपेस्ट, मऊ ब्रश, फ्लॉस म्हणजे दाताच्या फटीत घालायचा बारीक दोरा, आणि फटी मोठ्या असतील तर फटीत घालायचा तो बारीक ब्रश. बस. तीळ दाताच्या फटीत अडकतोच, आणि अडकला की आपल्याकडे सेफ्टी पिन, आगपेटीची काडी, बांगडीत अडकवलेली पिन, जे हाताला लागेल त्याने कोरायची सवय आहे. त्याने हिरडी फाटते, तिथे सूज येते, आणि फट हळूहळू वाढून पुढच्या वेळी दुप्पट अडकतं. फ्लॉस वापरायला पहिले चार दिवस वैताग येतो, रक्तही येतं थोडं, नंतर हाताला सवय होते. आठवड्यानंतरही रक्त येत राहिलं तर मात्र हिरड्या दाखवा.

मशेरीबद्दल एक सांगायचंच आहे. आमच्या गावाकडे अजूनही घरोघरी सकाळी मशेरी लावतात आणि त्याला दात घासणं म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्याने दात स्वच्छ होत नाहीत, सवय लागते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदम सोडवता आली नाही तरी निदान लहान मुलांच्या बोटाला ती लागू देऊ नका.

३. वडी मऊ करा, इथेच अर्धं काम होतं

माझी दाढ गेली ती कडक पाकामुळे, म्हणून मी सगळ्यात जास्त लक्ष आता इथेच देते. बाजारात दोन प्रकारचा गूळ मिळतो, साधा आणि चिक्कीचा. चिक्कीच्या गुळाचा पाक पटकन कडक होतो, त्यामुळे मऊ वडीला साधाच गूळ घ्यायचा. दुकानात स्पष्ट सांगा, जानेवारीत न मागता चिक्कीचाच हातात देतात.

आधी तीळ. तीळ नुसते चाळून चालत नाहीत, रोळून घ्या. म्हणजे मोठ्या पातेल्यात पाणी घालून तीळ हलवायचे, वर येतात ते हलक्या हाताने काढून घ्यायचे, वाळू आणि बारीक खडे तळाशी राहतात. पहिल्या वर्षी मी रोळले तेव्हा अर्धा किलो तिळात तळाला चिमूटभर वाळू आणि दोन खडे निघाले, मोहरीपेक्षा जरा मोठे. तो एक खडा दाढेखाली आला असता तर पाक मऊ असून काय उपयोग होता. मग फडक्यावर पसरून पूर्ण वाळवायचे.

प्रमाण असं: एक वाटी तीळ, अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट, एक वाटी किसलेला गूळ, दोन चमचे तूप, वेलची-जायफळ. तीळ मंद गॅसवर तडतडेपर्यंत भाजा, गार झाले की त्यातले अर्धे मिक्सरला एकदाच फिरवून जाडसर करा. घरात कवळीवाले किंवा दात हलणारे कुणी असतील तर सगळेच जाडसर करा. कढईत तूप आणि गूळ, गॅस मंद. गूळ विरघळून कडेने फेस यायला लागला की तिथून हलायचं नाही. वाटीत गार पाणी घेऊन पाकाचा थेंब टाकायचा. बोटांनी गोळा करता आला आणि ती गोळी दाबली की चपटी झाली, की लगेच गॅस बंद. तीच गोळी वाटीत टाकल्यावर टण्ण वाजली तर पाक चिक्कीवर गेला. या दोन्हींच्या मधे जेमतेम एखादं मिनिट असतं, फोन आला तरी घेऊ नका.

पाक पुढे गेलाच तर तीळ घालायच्या आधीच दोन चमचे पाणी घालून परत मंद गॅसवर विरघळवा आणि परत थेंब टाकून बघा. तीळ घातल्यावर मग काही करता येत नाही. पाक जमला की तीळ-कूट, वेलची-जायफळ घालून ढवळा, तूप लावलेल्या ताटात थापा आणि गरम असतानाच सुरीने रेषा पाडा. चौकोन अंगठ्याच्या नखाएवढे करा, म्हणजे समोरच्याच्या घरीही ते दातांनी तोडावे लागत नाहीत.

बाहेरून आलेला लाडू किंवा चिक्की कडक असेल तर सरळ खलबत्त्यात फोडून घ्या आणि बारीक तुकडे खा. लोणावळ्याची चिक्की आमच्याकडे हल्ली अशीच खाल्ली जाते.

४. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते बघा

हे मला ४० वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. काही मिनिटांतच दातावरचा सामू (पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरतो, आणि तिथून दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि गेलेली खनिजं थोडीफार परतही बसवते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. आता हळदीकुंकवाची संध्याकाळ डोळ्यापुढे आणा. साडेपाचला पहिलं घर, सहाला दुसरं, साडेसहाला तिसरं, असं साडेआठपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी एक तिळगूळ तोंडात. म्हणजे लाळेला सावरायला वेळच मिळत नाही, संध्याकाळभर दात आम्लात. तेच सगळे तिळगूळ जेवणानंतर एकदम खाल्ले असते तर हा त्रास एकदाच झाला असता.

स्वीडनमधे १९४५ नंतर काही वर्षं व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत याच्यावर प्रयोग झाले होते. जेवणासोबत गोड खाणाऱ्यांपेक्षा दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात खूप जास्त किडले. ते प्रयोग तिथल्या मतिमंद रुग्णांवर केले होते, ज्यांना स्वतःसाठी हो-नाही म्हणताच येत नव्हतं, हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांच्या दातांची किंमत देऊन जे कळलंय ते निदान आपण वापरूया.

मी काय करते: पर्समधे एक छोटी स्टीलची डबी. पहिल्या घरी एक तिळगूळ तिथेच खाते, वर घोटभर पाणी पिते. पुढच्या घरांचा हातात घेते, गोड बोलते आणि डबीत टाकते. आजपर्यंत कुणालाही राग आलेला नाही, उलट दोघी-तिघी आता स्वतःची डबी आणतात. रात्री जेवण झालं की सगळे मिळून डबी रिकामी करतो आणि मग ब्रश. रथसप्तमीपर्यंत हाच नेम.

गुळाची पोळी जेवणातच असते, तिचं काही विशेष करावं लागत नाही. हलवा मात्र अवघड. काटेरी हलवा एकेक दाणा करून तोंडात टाकला जातो आणि चघळला जातो, वाटी टीव्हीसमोर असेल तर दोन तास चालतो. वाटी उचलून ठेवा.

आणि "गूळ आहे, साखर नाही, चालतो" हा गैरसमज आधी काढून टाका. गुळातही बहुतेक साखरच असते, दातावरच्या जंतूंना दोन्ही सारखंच, वर तो चिकट.

५. ब्रश कधी करायचा

खाल्ल्यावर लगेच चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने. आम्लाने कवच जरा मऊ झालेलं असतं त्यावर लगेच घासू नये. रात्री झोपायच्या आधीचा ब्रश कुठल्याही दिवशी चुकवायचा नाही, झोपेत लाळ कमी सुटते म्हणून. पेस्ट थुंकून टाका पण खळखळून पाण्याने धुऊ नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. हे मला सुरुवातीला विचित्र वाटलं, तोंडात पेस्टची चव राहते, आठवड्यात सवय झाली.

६. ऊस, बोरं, हुरडा

ऊस पुढच्या दातांनी सोलायचा नाही. लहानपणी आपण सगळ्यांनी सोललाय, पण पुढच्या दातावर फिलिंग किंवा कॅप असेल तर ती तिथेच निघते. विळीवर सोलून बोटाच्या पेराएवढे करवे करून घ्या. बोराची बी फोडून आतला दाणा खायची सवय असेल तर ती दगडाने फोडा, दाढेने नाही. हुरडा स्वतः मऊ असतो, त्याचं भय नाही, पण आगटीतून काढून चोळताना एखादं तूस राहतं आणि ते हिरडीत घुसलं की दोन दिवस टोचत राहतं, फ्लॉसने निघतं.

७. बोरन्हाण आणि लहान मुलं

चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, हलव्याचे दाणे, बीसकट बोर देऊ नका, घशात अडकतात. बोरन्हाणात हे सगळं डोक्यावरून पडतं आणि मुलं वेचून तोंडात टाकतात, तेव्हा एक मोठं माणूस फक्त मुलांच्या तोंडाकडे बघायला बसवा. आम्ही धाकट्याच्या वेळी चुरमुरे, फुलं आणि छोटी खेळणी जास्त ठेवली, बोरं नावाला चार. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालून काढा, बाळ ते हार चोखत बसतं.

पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. आणि घासायचं आपण, मुलाच्या हातात ब्रश देऊन "घास" म्हटलं की पुढचे चार दात घासले जातात.

आता सगळ्यात मोठी फसगत. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि कीड दिसली तरी "दुधाची आहे, पडेल" म्हणून सोडून दिली जाते. ती कायमची दाढ आहे. ती पडणार नाही आणि तिच्या जागी दुसरी येणारही नाही. माझ्या मोठ्या मुलीची अशी एक दाढ आम्ही जवळजवळ घालवली होती. सहा पूर्ण झाले की टॉर्च घेऊन मागे बघा, आणि डॉक्टरांना दाढेच्या खाचा बुजवायच्या सीलंटबद्दल विचारा.

८. कॅप, तारा, कवळी

तारा असतील तर चिक्की, कडक लाडू, ऊस पूर्ण बंद, मऊ वडीचा लहान तुकडा चालतो. तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेलं एक ब्रॅकेट निघालं तरी उपचार लांबतो.

कॅप चिकट तिळगुळासोबत निघून हातात आली तर टाकू नका. धुऊन डबीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे न्या, बऱ्याचदा तीच परत बसते. फेविक्विकने घरी चिकटवायची नाही, लोक खरंच करतात आणि मग वाकडी बसलेली ती काढताना दात जातो.

कवळीखाली तिळाचा एक दाणा गेला तरी हिरडी सोलवटते. सासूबाई तिळगूळ खाल्ला की बेसिनमधे पाणी भरून त्यावर कवळी धरून धुतात, हातातून सटकली तरी पाण्यात पडते, फुटत नाही. गरम पाणी वापरू नका, कवळीचा आकार बिघडतो. रात्री साध्या पाण्यात.

९. दुखलंच तर

गार पाण्याने क्षणभर झिणझिणलं आणि थांबलं तर दोन-चार दिवसांत दाखवा. गरमाने दुखतंय, रात्री झोपेतून उठवतंय, ठणका बराच वेळ राहतोय, तर आत नसेला लागलंय, उद्यावर टाकू नका. आणि चावताना नाही तर चावलेलं सोडताना कळ येत असेल तर दाढ तडकली असण्याची शक्यता आहे. माझं हेच होतं. तडा एक्स-रेमधे बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून नेमकं कधी दुखतं ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका, तिथली कातडी भाजते. लवंगेचं तेल जास्त लावलं तरी तेच. गालाला सूज असेल तर बाहेरून शेकू नका, आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी काढून सुरू करू नका. सूज वाढतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

पतंग उडवताना मूल पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासायचं नाही, वाटीभर दुधात टाका आणि शक्यतो अर्ध्या तासात डॉक्टरांकडे पोचा. परत बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

खर्चाचं आधी विचारून घ्या. रूट कॅनालचा वेगळा आणि कॅपचा वेगळा असतो, आणि बरेच जण दुखणं थांबलं की कॅप बसवायला जातच नाहीत, मग ती पोकळ झालेली दाढ पुढे फुटू शकते आणि केलेलं सगळं वाया जातं. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. गर्दी असते, एका दाढेसाठी तीन-चार फेऱ्या होऊ शकतात, पहिल्या फेरीला सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि तो जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक फेरीला तोच मागतात.